खिशात मावणारा यूएसबी बोर्ड: चिप सोपी, कडा अवघड

यूएसबीच्या साध्या वायरीत चार तारा असतात. लाल तारेत ५ व्होल्ट, काळी तार ग्राउंडची आणि हिरवी-पांढरी ही डेटाची जोडी. या चार तारांच्या टोकाला आपण स्वतः आखलेला, अंगठ्याएवढा बोर्ड लावायचा आणि कॉम्प्युटरने तो मुकाट ओळखायचा, एवढंच काम आहे. इलेक्ट्रॉनिक्सचा छंद असलेल्या कुणालाही सोलापुरात घरबसल्या ते जमण्यासारखं आहे. सॉफ्टवेअर फुकट मिळतं, बोर्ड छापून कुरिअरने येतो आणि बारीक सोल्डरिंग करणारे हात गावातच आहेत.

तरीही इंजिनिअरिंगची पोरं पिको नावाचा तयार बोर्ड विकत घेतात आणि तिथेच थांबतात. कारण विचारलं तर म्हणतात, "छप्पन पायांची चिप आहे सर, आपल्याला कुठे जमणार?" पण त्या छप्पन पायांचा विचार चिप बनवणाऱ्यांनी आधीच करून ठेवलेला असतो, चिपच्या माहितीपत्रकात (डेटाशीटमध्ये) चित्रासकट. हौशी माणसाचा बोर्ड बिघडतो तो चिपच्या बाहेर: जॅकपाशी, दोन फुटकळ रेझिस्टरांपाशी, ३.३ व्होल्ट देणाऱ्या आयसीपाशी. म्हणून इथे चिपवर थोडं आणि या कडेच्या मंडळींवर जास्त लिहितो.

आधी बोर्डाला काम द्या

नुसता "बोर्ड बनवू" म्हटलं की गाडी एलईडी लुकलुकवण्यापलीकडे जात नाही. सोलापुरात यंत्रमागांची वाण नाही, तेव्हा काम तिथलंच घेऊ. साध्या मागाच्या क्रँकशाफ्टचा एक फेरा झाला की कापडात एक आडवा धागा पडतो. शाफ्टवर छोटं लोहचुंबक चिकटवलं आणि समोर चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर ठेवला, तर प्रत्येक फेऱ्याला एक ठोका मिळतो. इंचात ४० आडवे धागे पडत असतील, तर सुमारे १,५७५ ठोके म्हणजे एक मीटर कापड.

आपला बोर्ड मागाशेजारी मोबाईलच्या चार्जरला लावला की गुपचूप मोजत बसेल. संध्याकाळी तोच काढून ऑफिसातल्या कॉम्प्युटरला खोचला की कीबोर्ड असल्याची बतावणी करेल आणि आकडा थेट एक्सेलच्या चौकटीत टंकून मोकळा होईल. वेगळं ॲप लागणार नाही, ड्रायव्हर लागणार नाही. वायफायवाला बोर्ड घेऊन हेच काम जास्त झगमगाटात करता येईल, पण शेडमध्ये वायफाय पोचवण्याची कटकट कोण करणार?

चिप निवडून मोकळे व्हा

मी आरपी२०४० सुचवेन. रास्पबेरी पाय या कंपनीने ही चिप जानेवारी २०२१ मध्ये पिको बोर्डासोबत आणली. ७ बाय ७ मिमीचा चौकोन, आत १३३ मेगाहर्ट्झचे दोन कोअर, २६४ केबी रॅम आणि मुख्य म्हणजे यूएसबीची यंत्रणा आतच. तिच्यात प्रोग्राम साठवायला जागा नाही, त्यामुळे शेजारी आठ पायांची फ्लॅश चिप लावावी लागते. तेवढा त्रास सोसण्याचं कारण एकच: तिचा बूटलोडर, म्हणजे नवा प्रोग्राम आत घेणारा छोटा प्रोग्राम, चिपच्या रॉममध्ये (न पुसता येणाऱ्या साठ्यात) कायमचा कोरलेला आहे. तुमचा प्रोग्राम कितीही बिघडलेला असो, एक बटण दाबून यूएसबी लावली की बोर्ड पेन ड्राइव्हसारखा उघडतो आणि नवी फाइल त्यात टाकता येते. वेगळा प्रोग्रॅमर विकत घ्यावा लागत नाही.

दुसरे पर्यायही वाईट नाहीत. एटीमेगा३२यू४ जुनी पण भरवशाची आहे. सॅमडी२१ चिपचे पाय ०.८ मिमीच्या अंतराने बाहेर आलेले मिळतात, त्यामुळे ती साध्या सोल्डरिंग गनने बसते. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेली आरपी२३५० जास्त ताकदीची आहे, पण तिच्या पहिल्या आवृत्तीत इनपुट पिनांना ग्राउंडकडे ओढून ठेवणाऱ्या आतल्या सोयीत (पुल-डाऊनमध्ये) दोष निघाला होता आणि तिच्या आतल्या वीजपुरवठ्याला वेगळी कॉइल जोडावी लागते. पहिल्या बोर्डासाठी हे झंझट नको.

"तू कोण?" हा प्रश्न

बोर्ड लावल्यावर पहिल्या सेकंदात काय घडतं ते समजलं, तर पुढच्या निम्म्या अडचणी आपोआप उलगडतात.

बोर्डाला वीज मिळते. चिप जागी होते आणि डेटाच्या दोन तारांपैकी (त्यांना डी प्लस आणि डी मायनस म्हणतात) एकीला १.५ किलोओहमच्या रेझिस्टरने ३.३ व्होल्टकडे ओढते. कॉम्प्युटर सतत या दोन तारांवर लक्ष ठेवून असतो. डी प्लस वर गेली तर आलेलं यंत्र 'फुल स्पीड', म्हणजे सेकंदाला १२ मेगाबिटचं. डी मायनस वर गेली तर 'लो स्पीड', १.५ मेगाबिटचं. आरपी२०४०मध्ये हा रेझिस्टर आतच आहे, आपल्याला बाहेर लावायचा नाही. बाहेर लावायचे ते २७ ओहमचे दोन रेझिस्टर, डेटाच्या प्रत्येक तारेत एकेक, चिपच्या अगदी जवळ.

एकाच रेझिस्टरने बोर्डाचा बोर्ड कसा अडतो, याचं उदाहरण ब्लू पिल नावाच्या स्वस्त बोर्डाने दिलं आहे. त्याच्या बऱ्याच प्रतींवर या जागी दीड किलोओहमऐवजी १० किलोओहम लावलेला असायचा. काही कॉम्प्युटर त्याला ओळखायचे, काही नाही, आणि लोक प्रोग्राममध्ये चूक शोधत बसायचे.

तार वर गेलेली दिसली की कॉम्प्युटर बोर्डाला रीसेट करतो आणि विचारतो, "तुझा डिस्क्रिप्टर दे." हा १८ बाइटचा मजकूर असतो: यूएसबीची कुठली आवृत्ती, कुठल्या कंपनीचं यंत्र, कुठलं मॉडेल. मग तो बोर्डाला १ ते १२७ पैकी एक पत्ता देतो आणि दुसरी यादी मागतो. तू कीबोर्ड आहेस की सिरिअल पोर्ट? वीज किती लागेल? हे ठरेपर्यंत बोर्डाने १०० मिलिअँपिअरपेक्षा जास्त ओढायचे नसतात. ठरल्यावर ५०० पर्यंत मुभा असते.

चार्जरला यातलं काहीच विचारायचं नसतं. साध्या चार्जरने आपल्या बाजूला डी प्लस आणि डी मायनस एकमेकांना जोडून टाकलेल्या असतात. आपल्या मोजणीयंत्राला नेमका हाच फरक उपयोगी पडतो. कुणी पत्ता दिला नाही तर समोर चार्जर आहे, मोजत राहायचं. पत्ता मिळाला तर समोर कॉम्प्युटर आहे, आकडा टंकायचा. त्यासाठी वेगळा स्विच लागत नाही.

टाइप-सीचे दोन रेझिस्टर

खिशातला बोर्ड म्हटल्यावर जॅक टाइप-सीच हवा. उलटा-सुलटा कसाही जातो आणि १०,००० वेळा खोचण्यासाठी आखलेला असतो. साध्या टाइप-ए जोडणीचा निकष १,५०० वेळांचा आहे. सर्किट बोर्डाचीच कडा टाइप-एसारखी कापून थेट पोर्टात घालायची युक्तीही आहे, डिजिस्पार्क नावाच्या छोट्या बोर्डाने ती लोकप्रिय केली. पण नेहमीचा १.६ मिमी जाडीचा बोर्ड त्यात सैल बसतो, २ ते २.४ मिमी जाडी लागते. रोज काढ-घाल होणाऱ्या वस्तूला मी ते करणार नाही.

टाइप-सीमध्ये नेहमीच्या चार तारांखेरीज सीसी१ आणि सीसी२ असे दोन संपर्क असतात. पलीकडे टाइप-सी पोर्ट असेल, तर समोर कुणीतरी जोडलं गेल्याची खात्री पटल्याशिवाय तो ५ व्होल्ट सोडतच नाही. ही खात्री आपण ५.१ किलोओहमच्या रेझिस्टरने द्यायची: सीसी१ पासून ग्राउंडला एक आणि सीसी२ पासून ग्राउंडला दुसरा. दोन वेगळे.

इथे कंजुषी करून दोन्ही सीसी एकत्र जोडून एकाच रेझिस्टरवर भागवण्याचा मोह होतो. २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरच्या पहिल्या आवृत्तीत नेमकं हेच झालं होतं. साध्या केबलवर तो उत्तम चालायचा. पण ज्या महागड्या केबलीत स्वतःची ओळख सांगणारी चिप असते, तिच्यात दुसऱ्या सीसीवर सुमारे १ किलोओहम असतो. दोन्ही सीसी एकत्र जोडलेले असल्याने चार्जरला दोन्हीकडे कमी ओहम दिसायचे. हे तर हेडफोन जोडायचं अडॅप्टर, असं समजून तो वीजच द्यायचा नाही. पुढच्या आवृत्तीत ते दुरुस्त झालं. काही पैशांच्या एका रेझिस्टरची ही गोष्ट.

हे रेझिस्टर पूर्ण विसरलात तर गंमत आणखी लपून राहते. एका टोकाला टाइप-ए आणि दुसऱ्याला टाइप-सी असलेली केबल लावली, तर बोर्ड छान चालतो, कारण टाइप-ए पोर्ट काही न विचारता ५ व्होल्ट देतो. दोन्हीकडे टाइप-सी असलेली केबल लावली की बोर्ड मढ्यासारखा पडून. म्हणून चाचणी दोन्ही केबलींनी करायची, आणि टाइप-सीवाली उलटून पुन्हा.

जॅक मागवताना पिना मोजा. सहा पिनांचा टाइप-सी जॅक स्वस्त आणि लावायला सोपा असतो, पण तो फक्त चार्जिंगचा. त्यात डेटाच नाही. आपल्याला सोळा पिनांचा हवा. त्यात डी प्लसचे दोन आणि डी मायनसचे दोन पॅड असतात, कारण केबल कुठल्या बाजूने येईल ते आधी माहीत नसतं. प्रत्येक जोडी बोर्डावर जोडून घ्यायची. पॅडांचा क्रम आलटून-पालटून असल्यामुळे एका तरी जोडीला खालच्या थरातून वळसा घालावा लागतोच. त्यात तुमचं काही चुकलेलं नसतं, सगळ्यांनाच घालावा लागतो. आणि जॅक असा घ्या, ज्याच्या कवचाचे पाय बोर्डाच्या भोकांतून आरपार जातात. नुसता वरवर चिकटवलेला जॅक एक दिवस तांब्याच्या पट्ट्यांसकट हातात येतो.

पाच व्होल्टचे ३.३ करताना

आरपी२०४० चालते ३.३ व्होल्टवर. तिच्या पिनांना ५ व्होल्ट सोसत नाहीत. त्यामुळे मध्ये दाब उतरवून स्थिर ठेवणारी आयसी, म्हणजे रेग्युलेटर हवा, आणि दुकानात तो मागितला की हातात एएमएस१११७ पडतो. तो वाईट नाही, पण हिशेब करून बघा. त्याला आपलं काम करायला इनपुट आउटपुटपेक्षा साधारण १.१ व्होल्ट जास्त लागतं. यूएसबी पोर्टवर दाब ४.४ व्होल्टपर्यंत उतरला तरी तो नियमात बसतो. ४.४ मधून १.१ गेले की उरतात ३.३. म्हणजे शिल्लक शून्य, आणि वर लांबलचक, बारीक तारांची केबल असेल तर त्याहूनही कमी. एपी२११२ सारखा रेग्युलेटर पाव व्होल्टच्या फरकावर चालतो, ६०० मिलिअँपिअर देतो आणि तांदळाच्या दाण्याहून लहान असतो. तोच घ्या.

लहानपणाची किंमत मात्र उष्णतेत मोजावी लागते, आणि ती आपल्या गावात दुर्लक्ष करण्याजोगी नाही. असा रेग्युलेटर उरलेला दाब उष्णता म्हणून फेकून देतो. ५ मधून ३.३ गेले, उरले १.७ व्होल्ट. बोर्ड ३० मिलिअँपिअर घेत असेल तर १.७ गुणिले ०.०३, म्हणजे ०.०५ वॉट. एवढ्याशा आयसीचं तापमान दर वॉटला २०० अंशांच्या आसपास चढतं, म्हणजे इथे १० अंश. चालतंय. आता त्याच ३.३ व्होल्टवर २०० मिलिअँपिअर खाणारं काही जोडा. ०.३४ वॉट, ६८ अंशांची चढ. एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये हवाच ४५ अंश असेल, तर आयसीच्या पोटात ११३. लगेच जळणार नाही, पण बंद प्लॅस्टिकच्या डबीत, महिनोन्महिने, मी तिला असं ठेवणार नाही. जास्त खाणारं जे काही असेल ते थेट ५ व्होल्टवर चालवा, आणि रेग्युलेटरच्या ग्राउंडच्या पायाला तांब्याचा ऐसपैस पट्टा द्या, उष्णता त्यातून पसरते.

बाकी डीकपलिंगचं, म्हणजे चिपजवळ विजेचा छोटा साठा ठेवण्याचं सांगायचं तर चिपच्या प्रत्येक वीज-पिनेपाशी १०० नॅनोफॅरडचा कॅपॅसिटर, पिनेला खेटून. चिप दर टिचकीला विजेचा छोटा घोट मागते आणि तो घोट लांबून येईपर्यंत वाट पाहू शकत नाही. आतल्या १.१ व्होल्टच्या रेग्युलेटरला आत-बाहेर एकेक मायक्रोफॅरड. एवढं झालं की पुरे.

घड्याळ

फुल स्पीड यूएसबीला वेगात पाव टक्क्यापेक्षा जास्त चूक चालत नाही. चिपांच्या आतली साधी घड्याळं एवढी नेमकी नसतात, तापमानाबरोबर सरकतात. म्हणून १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल (नेमके ठोके देणारा स्फटिक) लावायचा, आणि चिप त्यावरून यूएसबीसाठी ४८ मेगाहर्ट्झ तयार करते. सॅमडी२१ इथे हुशारी करते: कॉम्प्युटर दर मिलिसेकंदाला एक खूण पाठवत असतो, ती पाहून ही चिप आपलं घड्याळ जुळवून घेते, त्यामुळे तिला क्रिस्टल लागतच नाही.

क्रिस्टलच्या दोन्ही पायांना ग्राउंडकडे एकेक कॅपॅसिटर लागतो. किती? क्रिस्टलच्या कागदावर लिहिलेला लोड घ्या, समजा १० पिकोफॅरड. बोर्डावरच्या तांब्याचे ३ वजा करा आणि उरलेल्याची दुप्पट करा. १४ आले, बाजारात १५ मिळतो, तोच लावा. यात थोडी गफलत झाली तरी यूएसबीला फरक पडत नाही, कारण पाव टक्का ही मुभा क्रिस्टलच्या मानाने फार मोठी आहे. लोक इथे उगाच रात्री जागवतात. क्रिस्टल चिपच्या जवळ ठेवणं आणि त्याच्याखालून दुसरी तार न नेणं जास्त महत्त्वाचं.

आखणी: ताणा-बाणा विसरा

आखणीसाठी कीकॅड वापरा. मोफत आहे, फ्रान्समधल्या ज्याँ-पियेर शारास यांनी १९९२ मध्ये सुरू केलं आणि पुढे सर्न या संशोधन संस्थेनेही त्याला हातभार लावला. रास्पबेरी पायने आरपी२०४०च्या कमीत कमी भागांच्या बोर्डाची कीकॅड फाइल खुली ठेवलेली आहे. ती उघडून एकेक भाग का आहे ते समजून घेणं, हा माझ्या मते सगळ्यात चांगला अभ्यास.

दोन थरांचा बोर्ड म्हटल्यावर सोलापूरकराला ताणा-बाणा सुचणारच: वरच्या थरात सगळ्या तारा आडव्या, खालच्या थरात सगळ्या उभ्या, जिथे भेटायचं तिथे भोक. संथ कामाच्या मोठ्या बोर्डांवर ही पद्धत खरोखर वापरतात. इथे मात्र नको. तारेतून गेलेला प्रत्येक प्रवाह ग्राउंडमधून परत येतो, आणि वेगाने बदलणारा प्रवाह परत येताना बरोबर त्या तारेच्या खालूनच यायला बघतो. खालचं ग्राउंड उभ्या तारांनी चिरलेलं असेल तर त्याला लांबचा वळसा पडतो, आणि तो वळसा म्हणजे फुकटचा अँटेना. म्हणून होता होईतो सगळ्या तारा वर, आणि खालचा थर सलग तांब्याचा. नाइलाजाने एखादी तार खाली न्यावी लागली तर लगेच वर आणा.

यूएसबीच्या जोडीबद्दल सगळीकडे एक आकडा वाचायला मिळतो: ९० ओहम इम्पिडन्स, म्हणजे वेगाने बदलणाऱ्या सिग्नलला तारांच्या जोडीत जाणवणारा रोध. १ मिमी जाडीच्या बोर्डावर ०.८ मिमी रुंदीच्या तारा ०.१५ मिमी अंतराने नेल्या की तो साधारण साधतो. पण या आकड्याचं भय बाळगू नका. फुल स्पीडचा सिग्नल खालून वर चढायला कमीत कमी ४ नॅनोसेकंद घेतो. बोर्डातल्या तांब्यावर तो नॅनोसेकंदाला साधारण १५ सेंटिमीटर जातो. म्हणजे चढच साठ सेंटिमीटर लांबीचा, आणि आपली तार जेमतेम दोन सेंटिमीटर. एवढ्या अंतरात इम्पिडन्स चुकल्याचं कुणाला कळणारही नाही. ४८० मेगाबिटच्या हाय स्पीडला हे चालणार नाही, पण आरपी२०४० त्या वाटेला जातच नाही. दोन तारा जवळजवळ, सारख्या लांबीच्या, सलग ग्राउंडवरून न्या आणि पुढच्या कामाला लागा.

जॅकपाशी यूएसबीएलसी६ सारखी संरक्षक चिप लावावी. उन्हाळ्यातली कोरडी हवा आणि दिवसभर सुताशी घासणारं अंग, दोन्ही मिळून बोटातून ठिणगी निघायला वेळ लागत नाही.

सेन्सरची जोडणीही अशीच जपून. बाजारात मिळणाऱ्या ए३१४४ जातीच्या हॉल सेन्सरला किमान ४.५ व्होल्ट लागतात, म्हणून त्याला ५ व्होल्ट द्या. त्याचं आउटपुट स्वतः दाब देत नाही, फक्त तार ग्राउंडला ओढतं किंवा सोडतं. त्यामुळे ती तार १० किलोओहमने ३.३ व्होल्टला बांधली की चिपही सुरक्षित. मागाच्या मोटारी चालू-बंद होताना या लांब तारेत खोटे ठोके शिरतात, त्यासाठी पिनेपाशी १०० नॅनोफॅरड. हा कॅपॅसिटर भरायला मिलिसेकंद-दोन मिलिसेकंद लागतात. माग मिनिटाला दीडशे फेरे फिरला तरी दोन ठोक्यांत ४०० मिलिसेकंदांचं अंतर असतं, तेव्हा एकही खरा ठोका हुकत नाही.

छापणं आणि बसवणं

कीकॅडमधून गर्बर (तांब्याच्या थरांच्या) आणि ड्रिल (भोकांच्या) फाइली काढून कारखान्याच्या साइटवर चढवायच्या. गांधीनगर, बंगळुरूचे कारखाने आहेत, चीनच्या शेन्झेनचेही. परदेशातून मागवताना कुरिअर आणि कस्टम धरून बेरीज करा. बोर्डापेक्षा तेच जास्त होतात. पाठवण्याआधी बोर्ड कागदावर खऱ्या मापात छापा आणि जॅक त्यावर ठेवून पाहा. टाइप-सी केबलचं प्लॅस्टिकचं डोकं १२.३५ बाय ६.५ मिमीपर्यंत असू शकतं, ते डबीच्या भोकातून आत जायला हवं.

आरपी२०४०चे पाय चिपच्या पोटाखाली, ०.४ मिमी अंतराने, आणि मधोमध ग्राउंडचा मोठा पॅड. सोल्डरिंग गन तिथे पोचत नाही. पण हेच काम मोबाईल दुरुस्तीवाले दिवसातून दहादा करतात. "भाऊ, एक छोटी आयसी बसवायची आहे, सोल्डरची पेस्ट आणि ती लावायचं स्टेन्सिल मी आणलंय," असं म्हटलं तर बहुतेक जण गरम हवेचा ब्लोअर पुढे ओढतात. पेस्ट शिशाची घेतली तर १८३ अंशांना वितळते, बिनशिशाची २१७ च्या पुढे. पहिल्या बोर्डाला शिशाची बरी, फक्त नंतर हात धुवा. मधल्या पॅडवर पेस्ट कमी घाला, नाहीतर चिप तरंगते आणि कडेचे पाय टेकत नाहीत.

बसवून झालं की लॅपटॉपला लगेच लावायचं नाही. आधी मल्टिमीटरने ३.३ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये शॉर्ट नाही ना ते बघा. मग चार्जरवर लावा आणि ३.३ व १.१ व्होल्ट मोजा. ते ठीक असतील तरच बूटचं बटण दाबून कॉम्प्युटर.

कॉम्प्युटर गप्प राहिला तर केबल बदला. दोनच तारांच्या चार्जिंग केबली घरोघरी असतात. काहीतरी आलं पण ओळखलं नाही, असं झालं तर लिनक्सचा लॉग वाचा. त्यात 'लो-स्पीड' यंत्र आलं असं दिसलं, तर बहुधा डी प्लस आणि डी मायनस उलट जोडल्या गेल्या आहेत. वर सांगितलेला रेझिस्टर चुकीची तार ओढतोय, म्हणून कॉम्प्युटरचा तसा समज झाला. 'फुल-स्पीड' म्हणून आलं आणि डिस्क्रिप्टर वाचताना एरर -७१ दिली, तर क्रिस्टल, २७ ओहम आणि सोल्डर तपासा.

आकडा सांभाळायचा कसा

कीबोर्ड होण्याचं काम टायनीयूएसबी ही मोफत लायब्ररी करते. ध्यानात ठेवायचं ते एवढंच की यूएसबी कीबोर्ड अक्षर पाठवत नाही, कळीचा क्रमांक पाठवतो. कॉम्प्युटरवर मराठी इन्स्क्रिप्ट चालू असेल तर इंग्रजी 'के'च्या कळीतून 'क' उमटतो. म्हणून आकड्यांखेरीज काही टंकायच्या भानगडीत पडू नका.

कंपनी आणि मॉडेलचे क्रमांक नमुना प्रोग्रामात तात्पुरते असतात. घरी वापरायला हरकत नाही. बोर्ड चार लोकांना वाटणार असाल तर स्वतःचा क्रमांक घ्या. यूएसबीच्या संस्थेकडून कंपनी-क्रमांक विकत घ्यायला हजारो डॉलर लागतात, पण खुल्या प्रकल्पांना १२०९ या क्रमांकाखाली मॉडेल-क्रमांक फुकट देणारा एक सार्वजनिक उपक्रम आहे.

खरा प्रश्न साठवणुकीचा. चार्जर काढला, वीज गेली, की रॅममधला आकडा गेला. म्हणून तो फ्लॅशमध्ये लिहायचा. पण फ्लॅशवर पुन्हा लिहिण्याआधी ४ केबीचा पूर्ण सेक्टर पुसावा लागतो, आणि एक सेक्टर साधारण १,००,००० वेळा पुसता येतो. आकडा दर मिनिटाला पुसून लिहिला तर दिवसाला १,४४० वेळा. ६९ दिवसांत तो सेक्टर संपला.

उपाय सोपा आहे. १६-१६ बाइटच्या नोंदी एकापुढे एक लिहीत जा, पुसू नका. एका सेक्टरमध्ये २५६ नोंदी मावतात, आणि तो भरल्यावरच पुसायची वेळ येते. ६९ दिवसांची ४८ वर्षं झाली. बोर्ड सुरू झाला की सगळ्यात शेवटची नोंद शोधायची आणि तिथून पुढे मोजायचं. प्रत्येक नोंदीत आकड्याबरोबर चेकसम (नोंदीवरूनच काढलेला पडताळणीचा आकडा) ठेवा, म्हणजे अर्धवट लिहिली गेलेली नोंद ओळखू येते. आणि सेक्टर दोन वापरा. पहिला भरला की आधी दुसऱ्यात नवी नोंद लिहायची, ती नीट वाचता येते का ते पाहायचं, मगच पहिला पुसायचा. मग वीज नेमकी पुसतानाच गेली तरी जास्तीत जास्त शेवटच्या मिनिटाचे ठोके जातील, आणि एवढ्यावर मालक-कामगारांत भांडण होणार नाही.